वेळेअभावी राहिलेला नाच

एका जंगलात, मुलांनो, झाडं कमी आणि अध्यक्ष जास्त होते. ते जंगल कुठलं, असं विचारू नका. तुमच्या गावापासून फार लांब नाही, एवढंच सांगतो.

त्या जंगलात छबू नावाची एक सायाळ राहायची. सायाळ म्हणजे पाठभर लांब लांब काटे असलेलं जनावर. काही जण तिला साळिंदर म्हणतात. सायाळ चालायला लागली की तिचे काटे एकमेकांवर आपटून खुळखुळतात. छबूचेही खुळखुळायचे, पण तालात. ती पाण्यावर निघाली तरी वाटेतले ससे मान डोलवायचे.

छबूच्या बापाचं नाव दगडोबा. तो जमिनीतून कंद खणून काढायचा. त्याचा बापही कंदच खणायचा, आणि आजाही. त्या घराण्यात आजवर कुणी मान वर करून बघितलं नव्हतं, कारण कंद खाली असतात.

एक दिवस छबू म्हणाली, "आबा, मला नाचायचंय."

"मग नाच की. नको कोण म्हणतंय? एवढे कंद खणून झाले की नाच."

"तसं नाही आबा. मला नाचच करायचाय. तेच माझं काम."

दगडोबाच्या हातातला कंद खाली पडला. वाघ समोर आला होता तेव्हाही तो पडला नव्हता.

"पोरी, नाचून कुणाचं पोट भरलंय? त्या मोराकडं बघ. एवढा पिसारा घेऊन फिरतोय, पण शेवटी किडेच टिपून खातोय ना?"

"तुम्ही एकदा बघा तरी माझा नाच."

"मला त्यातलं काय कळतंय! चार मोठी जनावरं चांगलं म्हणाली, की मी पण म्हणीन."

छबू हट्टाला पेटली. बापाच्या तोंडून एकदा 'चांगलं' ऐकायचं, मग भले जन्मभर कंद खणावे लागोत, असं तिनं ठरवलं. मुलांनो, आईबापाच्या तोंडचा हा एक शब्द फार महाग असतो. तुम्हालाही पुढे कळेल.

जंगलाबाहेरच्या माळावर एक म्हातारा माळढोक राहायचा. नाचात त्याचा हात, म्हणजे पाय, धरणारा कुणी नव्हता. पण त्याच्याकडे शिष्य टिकत नसत, कारण तो कुणाला 'वा' म्हणत नसे. छबू टिकली. माळावरच्या दगडधोंड्यांत त्यानं तिला उन्हातान्हात नाचवलं. काटा वाजवणं सोपं, काटा थांबवणं अवघड, हे त्यानं तिला शिकवलं. छबू इतकी तयार झाली की नाचता नाचता हवा तो एकच काटा वाजवायची आणि बाकीचे गप्प ठेवायची.

एक दिवस तिचा नाच संपला तरी माळढोक तिरक्या मानेनं बघतच राहिला. मग म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस. आता मला शिकवायला काही उरलं नाही." आणि पाठ फिरवून डोळे पुसत गवतात निघून गेला.

त्याच सुमारास जंगलात कला महोत्सव भरला. तो भरवायचं सकल वन्यप्राणी कला प्रसारक मंडळ. मंडळाचे अध्यक्ष होते भाऊसाहेब अस्वल. भाऊसाहेबांना कलेची फार आवड. मधाची त्याहून थोडीशी जास्त, पण ते खासगीत.

छबूचं नाव कार्यक्रमात लागलं. दगडोबाही आला. पहिल्यांदाच अंग झटकून, काट्यातली माती काढून आला होता.

सूत्रसंचालन साळुंकीकडे होतं. ती म्हणाली, "आता क्षणाचाही विलंब न लावता..." आणि तिनं भाऊसाहेबांना प्रास्ताविकाला बोलावलं. प्रास्ताविक संपल्यावर ती पुन्हा म्हणाली, "आपण सगळे ज्या क्षणाची आतुरतेनं वाट पाहतोय..." आणि प्रमुख पाहुणे अण्णासाहेब हत्ती उठले.

"मी काही बोलणार नाही," अण्णासाहेब म्हणाले. "आपल्याला कलावंतांना ऐकायचंय. मी फक्त दोन शब्द सांगतो."

पहिला शब्द त्यांच्या बालपणावर होता. तो संपेपर्यंत सावल्या पूर्वेकडे लांब झाल्या. दुसरा शब्द हल्लीच्या पिढीवर होता.

मग सत्कार सुरू झाले. मंडळ कलावंतांचे सत्कार कला सादर होण्याआधीच उरकून घ्यायचं. नाच झाल्यावर गर्दी पांगते, मग सत्काराला टाळ्या कोण वाजवणार, असं भाऊसाहेबांचं म्हणणं होतं. तुमच्या गावातही असंच असेल, मुलांनो. अनुभवी मंडळं सगळीकडे असतात.

छबूचं नाव पुकारलं गेलं. भाऊसाहेबांनी सुगरणींनी विणलेली गवताची जाड शाल उलगडली, छायाचित्रासाठी जरा थांबले, आणि तिच्या पाठीवर घातली.

शाल काट्यांत अडकली. ती निघेना.

भाऊसाहेबांनी ओढली, साळुंकीनं चोचीनं सोडवून पाहिली. जितकी ओढावी तितकी अडकत गेली. छबूनं त्यातूनही अंग हलवून पाहिलं. एक काटा वाजेल तर शपथ! गोधडीखाली ठेवलेल्या टाळांसारखी ती मुकी झाली होती.

"असू दे, असू दे, शोभतेय," भाऊसाहेब म्हणाले.

आणि साळुंकीनं जाहीर केलं, "वेळेअभावी छबूताईंचं नृत्य होऊ शकत नाही, याबद्दल मंडळ दिलगीर आहे. सर्वांनी अल्पोपाहार घेतल्याशिवाय जाऊ नये."

घरी जाताना दगडोबा सारखा शालीकडेच बघत होता. बिळाशी आल्यावर म्हणाला, "नाच झाला नाही, तरी एवढी मोठी शाल दिली?"

"हो."

"अस्वलानं स्वतःच्या हातानं घातली!" दगडोबानं शालीवरून पंजा फिरवला. "म्हणजे पोरी, तुझ्यात काहीतरी असलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या घोरपडीला सांगत होता, "आमची छबू फार चांगली नाचते म्हणे!"

छबूनं ते ऐकलं. तिला हसू आलं आणि वाईटही वाटलं. हे काही तिला हवं असलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी तेच झालं. भाषणं, शाल, दिलगिरी, अल्पोपाहार. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. शाल सोडवायला पावसाळा उजाडायचा, आणि सुटली की नव्या सत्काराचं आमंत्रण येऊन पडलेलं असायचं.

पण गंमत बघा, छबूचं नाव मात्र वाढत गेलं. मोराचा नाच सगळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे त्याच्या पायांना सगळे नावं ठेवायचे. छबूचा नाच कुणीच पाहिला नव्हता, त्यामुळे त्यात खोट काढणार कोण? जंगलातल्या घुबडानं तिच्या नृत्यातल्या संयमावर मोठा लेख लिहिला. नृत्य स्पर्धांना तिला परीक्षक म्हणून बोलवू लागले. रस्त्यात हरणं थांबून पाया पडायची आणि तिथेच काटा टोचून रडायची.

दगडोबानं कंद खणणं सोडलं. आता तो पहिल्या रांगेत बसायचा. बिळात शालींच्या इतक्या घड्या झाल्या की झोपायला जागा उरली नाही, पण ऊब उत्तम होती.

"आबा, एकदा माळावर चला ना. तिथे मी नाचून दाखवते," छबू म्हणायची.

"कशाला उगाच?" दगडोबा म्हणायचा. "चुकून पाय घसरला आणि कुणी पाहिलं म्हणजे? एवढं नाव झालंय. नावाला जप पोरी."

छबू एकटीच माळावर जायची आणि नाचायची. गुरुजी आता नव्हते. गुडघे पूर्वीसारखे वाकत नव्हते. कधी कधी तिला भीती वाटायची, की आपण खरंच नाचतो, की घुबडानं लिहिलं म्हणून तसं वाटतं?

अखेर मंडळानं तिला जीवनगौरव जाहीर केला. सगळं जंगल लोटलं. साळुंकीनं क्षणाचाही विलंब न लावता संध्याकाळ केली. अण्णासाहेबांनी बालपणापासून सुरुवात केली. भाऊसाहेबांनी या वेळी चांगली दुहेरी विणीची शाल घातली आणि म्हणाले, "आता छबूताई दोन शब्द बोलतील."

छबू पुढे आली. पहिल्या रांगेत बाप बसला होता. म्हातारा झाला होता, नजर कमी झाली होती, पण मान ताठ होती. छबूच्या मनात आलं, आज नाही तर हा माणूस, म्हणजे ही सायाळ, माझा नाच न बघताच जाणार.

"मला बोलता येत नाही," छबू म्हणाली. "मी नाचते."

"अहो, पण वेळ..." साळुंकी म्हणाली.

छबूनं सगळं अंग असं झटकलं की दुहेरी विणीची शाल टर्रकन फाटली. अर्धी उडून अण्णासाहेबांच्या सोंडेवर लोंबकळली. दोन-चार सुटे काटे उडाले. त्यातला एक भाऊसाहेबांच्या खुर्चीत गेला, आणि भाऊसाहेब इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कलावंतासाठी उठून उभे राहिले.

मग एक काटा वाजला. अगदी हळू, वाळलेल्या पानावर थेंब पडावा तसा. मग दुसरा. मग पाठभर सर उतरली आणि एकदम थांबली, आणि त्या थांबण्यात सगळं जंगल श्वास धरून बसलं. छबूचे गुडघे दुखत होते, तिला ते कळतही नव्हतं. एवढ्या वर्षांचं साठलेलं सगळं ती नाचली.

नाच संपला. टाळी एकही वाजली नाही. वाजवावी की नाही, हे बघायला सगळे भाऊसाहेबांकडे वळले होते. आणि भाऊसाहेब मागे हात लावून काटा शोधत होते.

दगडोबा तेवढा अडखळत वर आला. त्याचे डोळे वाहत होते.

"पोरी, किती चांगली नाचतेस गं तू!"

छबू त्याच्या गळ्यात पडली. जपून पडली, कारण काटे दोघांनाही होते.

मग डोळे पुसता पुसता म्हातारा थांबला. त्याच्या कपाळावर आठी आली. तो हळूच म्हणाला, "पण एवढं चांगलं येत होतं, तर मग त्यांनी तुला इतकी वर्षं नाच न बघताच शाली का दिल्या?"



मंडळाची तातडीची सभा झाली. व्यासपीठाचा अवमान झाल्याबद्दल खेद व्यक्त करण्यात आला. घुबडानं लिहिलं, की ज्येष्ठ नृत्यांगना अखेर प्रसिद्धीच्या मोहाला बळी पडल्या. पुढल्या वर्षापासून मंडळानं कासवाला पुढे आणलं. तेही नृत्यच करतं असं ऐकिवात आहे. त्याच्या पाठीवर शाल फार छान बसते.

छबू आता बापाबरोबर कंद खणते, आणि संध्याकाळी माळावर नाचते. बघायला काही ससे येतात आणि दगडोबा येतो. अल्पोपाहार नसतो.

तात्पर्य : मुलांनो, कलेत नाव कमवायचं असेल तर वाटेल ते करावं, पण कला सादर करू नये. एखादे वेळी ती लोकांना आवडते, आणि मग झालेले सगळे सत्कार संशयास्पद ठरतात.