सिद्रामण्णाचं जहाज

सिद्रामण्णा घरी आला की आधी माझ्या भिंतीची विचारपूस करायचा, मग माझी. दारातच थांबून भिंतीवर तळहात ठेवायचा, बोटानं टकटक करायचा, कान लावायचा आणि डॉक्टरासारखं तोंड करून सांगायचा, "मास्तर, हिला वल लागलीय. पोटातनं पोकळ झालीय." एकदा मला ताप होता, तर त्यानं माझ्याही कपाळावर टकटक केली. "भ्या नगा. तुमचा गिलावा मजबूत हाय."

मी मूळचा भालकीचा, कर्नाटकाच्या हद्दीतल्या खजुरीच्या मराठी शाळेत मास्तर. सिद्रामण्णा समोरच्या घरात एकटा राहायचा. तीस वर्षं मुंबईच्या गोदीत रंगारी होता. साठी उलटल्यावर गावी परतला, तो एक ट्रंक आणि पंचवीस-तीस कुंचले घेऊन. कन्नडमध्ये सुरू केलेलं वाक्य तो दखनीतून वळवून मराठीत आणून उभं करायचा, आणि विषय मात्र एकच: गोदीच्या भिंती.

"आदी तिथं नुसतं 'हितं मुतू नये' लिवायचे, मास्तर. मग संपवाले आले, डांबरानं घोषणा. मग पुढाऱ्यांची चिन्हं. मग विलायती पोरं आली फवारे घेऊन. आपलं नाव असं वाकडं लिवायची, की त्यांच्या बापालाबी वाचता येऊ नये! आन् मग मोठे चित्रकार, शिड्या लावून तीन-तीन माळ्यांची तोंडं काढायले. त्यास्नी रंग कोन कालवून दिला? म्या."

"मग आधीची चित्रं?"

"त्याच्या खालीच की. भिंतीवर रडायचं न्हाई. उद्या दुसरा येऊन पुसणार."

ऐकायला हे ठीक होतं. पण एके सकाळी दूध डेअरीच्या भिंतीवर आठ हातांचा प्राणी उगवला आणि गावाची झोप उडाली. शेजारच्या म्हशीनं तर तो रस्ताच सोडला. डेअरीवाला ओरडत आला, तेव्हा सिद्रामण्णा शांतपणे म्हणाला, "भिंत मोकळी हुती."

माझी पाळी येईल असं मात्र वाटलं नव्हतं. लेकीला बघायला पाहुणे येणार होते म्हणून मी कंपाउंडाची भिंत पांढरी करून घेतली होती. आम्ही चार दिवस कलबुर्गीला भावाकडे गेलो. परत आलो आणि फाटकाशीच माझ्या हातातली पिशवी गळाली. त्या टोकापासून या टोकापर्यंत भलंमोठं काळं-तांबडं जहाज! जिथं तळं भरलं तरी बातमी होते, त्या गावात!

"अण्णा, हे काय करायलाव? कुणाला विचारलाव?"

"भिंतीला विचारलो."

"आत्ताच्या आत्ता पुसा!"

"पुसा की. पण तेवढा मानूस हुंद्या. चार दिस झाले, त्वांड जमंना. आज कुठं जमलंय."

जहाजाच्या बाजूला दोरांनी टांगलेल्या फळीवर एक तरुण रंगारी बसला होता. त्याच्या गालावरचा रंग अजून ओला होता. मी काही ऐकून न घेता आत गेलो आणि चुन्याची बादली घेऊन आलो. कुंचला बुडवला, तेवढ्यात सुंदराक्का रस्त्यानं आली. पलीकडच्या बौद्धवाड्यातली, सत्तरीपुढची. रोज याच वाटेनं शेताला जायची. डोक्यावरचं भाकरीचं गाठोडं एका हातानं धरून ती भिंतीपुढं थांबली.

"गौतम," ती म्हणाली.

मी हबकून सिद्रामण्णाकडे पाहिलं. त्यानं कुंचला खाली ठेवला. मग खाली बघत म्हणाला, "व्हय, अक्का."

तिचा मुलगा वीस वर्षांपूर्वी गोदीत कामावर असताना पडून वारला, हे मला ऐकून माहीत होतं. त्याला मुंबईला नेणारा सिद्रामण्णा होता, हे माहीत नव्हतं. आणि पुढचं तर अक्कालाही माहीत नव्हतं.

"फळी मीच बांधलो हुतो, अक्का. गाठ सुटली." त्यानं चित्रातल्या दोराकडं बोट केलं. "तिथल्या गोदामावर त्याचं त्वांड काढलो. दुसरे येऊन त्यावर रंग मारायचे, मी पुन्ना काढायचो. वरसाला एकदा. आता त्ये गोदामच पाडले. तुमी ह्या वाटंनं जाताव, म्हनून हितं काढलो. तुमच्या दारात यायला पाय धजंना."

माझ्या हातातला कुंचला चुना गाळत होता. अक्का आता किंचाळेल, दगड उचलेल, असं वाटून मी पुढं सरकलो. ती गाठोडं खाली ठेवून भिंतीच्या अगदी जवळ गेली.

"नाक चुकलंय," ती म्हणाली. "त्याच्या बापावानी काढलास. त्याचं नाक माझ्यावानी हुतं."

सिद्रामण्णानं वर पाहिलं. अक्कानं पदर मागं सारला आणि त्याच्यासमोर तोंड धरलं. "बघ की. कामून थांबलास?"

दुपारपर्यंत ती माझ्या पायरीवर बसून होती. "कान जरा ल्हान कर. हसायलेला काढ, त्यो गप बसनारा नव्हता." घरात तिच्याकडे त्याचा एकही फोटो नव्हता. मी बादली आत नेऊन ठेवली. पाहुण्यांचं म्हणाल तर ते दुसऱ्या दिवशी आले, जहाज बघून दचकले, आणि मुलगी पसंत करून गेले.

चित्र झालं तेव्हा अक्कानं विचारलं, "तू लगीन केलास का न्हाई?"

"न्हाई."

"घरात कोन हाय?"

सिद्रामण्णानं नुसती मान हलवली. अक्कानं गाठोडं सोडलं, भाकरीवर चटणी ठेवली. "हात धू."

मी तांब्यानं पाणी ओतू लागलो. तो हात चोळत होता. रंग केव्हाच निघाला होता, तरी चोळत होता. एक तांब्या झाला, दुसरा झाला. शेवटी अक्का उठली आणि तिनं माझ्या हातातून तांब्या काढून घेतला.

"बस झालं रं," ती म्हणाली. "जेव आता."