रंगनाथकाका लाइव्ह आहेत

रंगनाथकाकांबरोबर सिनेमा पाहायला बसू नये. हे मी परतूरला राहायला आल्यापासून गल्लीतल्या प्रत्येक नव्या बिऱ्हाडाला सांगत आले आहे आणि तरीही दरवर्षी कुणीतरी बसतंच. नायकानं एका बुक्कीत आठ गुंड उडवले की काका रिमोट उचलतात, चित्र थांबवतात आणि विचारतात, "ह्याचं वजन किती असंल?"

"कुणाचं, काका?"

"उडालेल्याचं."

मग खिशातून पेन निघतं आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्या गुंडाचं गणित मांडलं जातं. गणित सुटेपर्यंत गुंड हवेत. आमच्या घरी एकदा एक गुंड चहा होऊन कपबशा विसळून होईपर्यंत हवेत होता. शेवटी काकांनी निकाल दिला, "एवढ्या जोरात मारलं तर मारणाऱ्याचाच हात खांद्यातून निखळंल. बिलकुल झूट हाय." सिनेमा पुढे सुरू झाला, पण तोवर आम्हा सगळ्यांना नायकाच्या खांद्याची काळजी लागली होती. प्रेमाच्या गाण्यातही आम्ही त्याचा खांदाच बघत होतो.

मालिकांचं तर विचारूच नका. एका मालिकेत नागिणीची बाई झाली. माझ्या सासूबाईंचे डोळे भरून आले होते. काका म्हणाले, "दोन किलोच्या सापाची पन्नास किलोची बाई झाली. मधले अठ्ठेचाळीस किलो कुठून आणले, तेवढं कळलं पाह्यजे." सासूबाईंनी त्यानंतर ती मालिका पाहिली नाही. मी मनातल्या मनात काकांचे आभार मानले.

हा माणूस शास्त्रज्ञ वगैरे नाही. बाजार समितीतून निवृत्त झालेला. शिक्षण विचारलं तर अभिमानानं सांगतात, "बारावी सायन्स. नापास." आणि वर म्हणतात, "नापास झालो म्हणून वाचलो. पास झालो असतो तर पाठ केलेलंच खरं मानत बसलो असतो." मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे मला ते 'बाई' म्हणतात आणि विज्ञानातलं मला काही कळत नाही हे गृहीत धरतात. त्यांचं गृहीत बरोबर आहे.

निवृत्तीनंतर लेकीनं, वैशालीनं, त्यांना चांगला मोबाइल घेऊन दिला आणि काकांनी स्वतःचं चॅनेल उघडलं. नाव, 'करून पाह्यलं'. मोबाइलवर फिरत फिरत आलेला प्रत्येक सल्ला काका आधी स्वतःवर करून बघणार आणि मग निकाल सांगणार. मोज्यात कांदा ठेवून झोपलं की ताप उतरतो? निकाल : "ताप उतरला न्हाई. मोजे गेले." चार मोबाइलच्या मधोमध मक्याचे दाणे ठेवले की लाह्या फुटतात? निकाल : "मका जशीच्या तशी. एक मोबाइल तेवढा गरम झाला, तो माझा." हे सगळं चित्रित करायला मोबाइल धरून उभी मी. का, तर "बाई, फळ्यावर लिहून लिहून तुमचा हात पक्का झालाय." माझा हात पक्का आहे की नाही ठाऊक नाही, पण माझ्या रविवारच्या कित्येक सकाळी त्या हातापायी गेल्या.

चॅनेलला बघणारे बेताचेच. त्यातले निम्मे भांडायला येणारे. काकांना भांडणारे जास्त आवडतात. कुणी "तुम्हाला काय कळतं" असं लिहिलं की चेहरा खुलतो, "चला, एक गिऱ्हाईक आलं."

पण काकांचा खरा सण म्हणजे ग्रहण. त्या दिवशी गल्लीत सगळीकडे अन्नावर तुळशीची पानं ठेवलेली, पाणी झाकलेलं, आणि काका गच्चीवर ताट मांडून सगळ्यांना दिसेल असे जेवत बसलेले. हे चॅनेलच्याही आधीपासूनचं. "सावली हाय ती, सावली! सावलीनं अन्न कसं बिघडंल?" असं ओरडून ओरडून सांगतात. एरवी हळू बोलणाऱ्या या माणसाचा आवाज ग्रहणातच एवढा का चढतो, हे मला कधी कळलं नाही. मला तो उत्साह वाटायचा. शकुंतलाकाकू मात्र त्या दिवशी आतल्या खोलीचं दार लावून बसायच्या. ग्रहण सुटेपर्यंत बाहेर नाही. नवरा असा, बायको तशी, असं म्हणून आम्ही सगळे हसायचो.

दोनेक वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आलं. नेमकी त्याच वेळी वैशाली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना. काकांनी आनंदाच्या भरात ते चॅनेलवरच सांगून टाकलं, "मी आजोबा होऊन राह्यलो." खाली अभिनंदनं आली. आणि सिंहाचा फोटो लावलेल्या एका गड्यानं लिहिलं, "काका, दुसऱ्यांना लई शिकवता. ग्रहणात स्वतःच्या पोटुशी लेकीला गच्चीवर बसवा. विळीवर भाजी चिरायला लावा. मंग मानू."

आमच्याकडे गरोदर बाईनं ग्रहण पाळायचं म्हणजे कडक पाळायचं. अंधाऱ्या खोलीत बसायचं. विळी, सुई, कात्री हातात धरायची नाही. धरली तर बाळाचा ओठ कापलेला निघतो, असं मानतात. मी इतकी शिकलेली, पण माझ्या वेळी मीही गुपचूप बसले होते. कोण वाद घालणार!

काकांनी उत्तर द्यायच्या आत वैशालीनं ते वाचलं आणि स्वतःच लिहून टाकलं, "मी बसणार. दुधी भोपळा चिरणार. लाइव्ह." बापाचीच लेक.

मला वाटलं, काका नाचतील. ते एवढंच म्हणाले, "लिहिलंस का? बरं." आणि आत गेले.

तिथून पुढचे दिवस काकांचं काहीतरी बिनसलं. सकाळीच माझ्या दारात. "बाई, लाइव्ह रद्द करता येतं का हो?"

"येतं की."

"न्हाई, नको. लोक म्हणतील, घाबरला." गेले. पाच मिनिटांत परत. "तिला ऊन लागंल का?"

"ग्रहण संध्याकाळी आहे, काका. कसलं ऊन?"

"जिना चढावा लागंल."

"रोज चढते ती. कपडे वाळत घालायला."

"बराबर हाय," म्हणाले, आणि चप्पल न घालताच निघून गेले. चप्पल आमच्या दारात दिवसभर पडून होती.

वैशालीनंही हसत हसत बापाची एक गोष्ट सांगितली. "मावशी, सोनोग्राफीला अण्णा सोबत आल्ते. डॉक्टरीणबाईंना विचारून राह्यले, बाळाचे ओठ नीट दिसले का? ती म्हणली, सगळं छान हाय. तरी जाताना परत विचारलं." ती हसली, मीही हसले. पण माझ्या हसण्यात तेवढा जोर नव्हता. हाच माणूस जन्मभर लोकांना सांगत आला होता की सावलीनं काही होत नाही.

ग्रहणाचा दिवस उजाडला. घराघरात फराळाचे डबे भरलेले, आणि प्रत्येक डब्यावर तुळशीचं पान. पोरं डब्यांभोवती घुटमळून ओरडा खात होती. दुपारनंतर गल्ली चिडीचूप झाली. वैशालीच्या सासूबाईंचा लातूरहून दोनदा व्हिडिओ कॉल येऊन गेला, सून खोलीत आहे की नाही ते बघायला. ती दोन्ही वेळा खोलीत जाऊन बोलली आणि बाहेर आली.

गच्चीवर काकांनी भिंतीला पांढरी चादर बांधली होती. हातात पिठाची चाळणी. सूर्याकडे बघायचं नाही, चाळणी उन्हात धरायची, प्रत्येक भोकातून चादरीवर एकेक छोटा सूर्य पडतो. शेजारी स्टुलावर चकल्या आणि लाडवांची ताटली. मी मोबाइल धरला. इतकी माणसं 'करून पाह्यलं'वर कधीच आली नव्हती. सगळी दुधी भोपळ्यासाठी आली होती.

ग्रहण लागलं. चादरीवरचे सगळे सूर्य एका बाजूनं कातरलेले दिसायला लागले. काका समजावून सांगत होते, पण आवाज बसलेला होता. शब्द मध्येच अडत होते. सिंहवाला लिहीत होता, "चकली खा की काका." काका म्हणाले, "खातो, खातो." चकली उचलली आणि परत ठेवली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. काहीतरी वाईट होणार असं उगाचच वाटायला लागलं, आणि ते ग्रहणामुळे नव्हतं.

वैशाली आली. एका हातात विळी, एका हातात भोपळा. मोबाइलकडे बघून छान हसली. खाली बसली, विळीवर पाय ठेवला आणि भोपळा पात्याला लावला.

"थांब."

"काय झालं, अण्णा?"

"थांब म्हणलं ना!" काका असे ओरडले की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, बंद करा ते."

मी बंद केलं. बंद होता होता सिंहवाल्याची हसणारी तोंडं दिसली, ओळीनं.

वैशाली संतापली होती. "अण्णा, जन्मभर लोकांना सांगता. मला लहानपणी ह्याच गच्चीवर मांडीवर बसवून जेवू घातलं ग्रहणात. आणि आज?"

काकांनी चाळणी तशीच उन्हात धरून ठेवली होती. चादरीवरचे सगळे सूर्य थरथरत होते. ते म्हणाले, "तुझ्याआधी एक होता."

वैशालीला हे ठाऊक नव्हतं. मला तर नव्हतंच.

"धावड्याला होतो आम्ही तव्हा. तुझी आय दिवसांत होती. असंच ग्रहण आल्तं. माझी आय म्हणे, सुनेला खोलीत ठेव. मी नवा नवा शहाणा. हिला हाताला धरून अंगणात आणलं. अशाच चाळणीतून सूर्य दाखवले. घाबरू नको, भाजी चीर म्हणलं. तिनं चिरली. मंग पोरगं झालं ते..." त्यांनी स्वतःच्या वरच्या ओठाला बोट लावलं. "त्याला अंगावर पिताच येईना. आजकाल ऑपरेशन होतं. तव्हा आम्हाला कुठं काय ठाऊक! गेलं. आय म्हणली, तुझ्या सायन्सनं खाल्लं."

"पण अण्णा, तुम्हाला ठाऊक आहे ना, तसं नसतं म्हणून?"

"ठाऊक हाय गं. दर ग्रहणाला स्वतःलाच सांगत आलो. पण तू विळीवर बसलीस अन् माझा धीर सुटला."

जिन्याच्या दारात शकुंतलाकाकू उभ्या होत्या. ग्रहणात त्यांना खोलीबाहेर मी पहिल्यांदा पाहत होते. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. त्या सावकाश पुढे आल्या आणि लेकीजवळ खाली बसल्या.

"सकाळपासून उपाशी हायत हे," त्या वैशालीला म्हणाल्या. "पाणीसुद्धा घेतलं न्हाई. तुझ्यासाठी ग्रहण पाळून राह्यले चोरून. मला दिसत न्हाई का?" काका दुसरीकडे बघायला लागले. "चीर तू भोपळा. काही होत न्हाई."

"आई, तुला कसं—"

"माझ्या मामाच्या घरात दोघांना तसाच ओठ होता. एक बहीण, एक भाऊ. जाफराबादला. त्यांच्या वक्ताला कसलं ग्रहण नव्हतं. आमच्या रक्तातच हाय ते. मला पोरगं बघताक्षणी कळलं." काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "पण बोलले असते तर सासूबाईंनी माझ्या माहेराचा उद्धार केला असता. टाकून दिलं असतं मला. म्हणून गप बसले. सगळा बोल ह्यांच्यावर राहू दिला. आज बोलंन, उद्या बोलंन, करता करता सासूबाई गेल्या. मंग तर तोंडच उघडंना. हे वर गच्चीवर ओरडायचे, अन् मी खाली कानात बोटं घालून बसायची. लोकांना वाटायचं, मी ग्रहण पाळते."

मी तिथून निघून जायला हवं होतं, पण गेले नाही. काकू नवऱ्याकडे बघत होत्या. इतकी वर्षं ज्याला आतल्या आत जळू दिलं, तो आता काय बोलतो याची वाट बघणारा तो चेहरा मला अजून विसरता येत नाही. मला वाटलं, काका चिडतील. चिडायला हवं होतं, असंही मला त्या क्षणी वाटलं.

काकांनी चाळणी खाली ठेवली. गुडघ्यावर हात टेकत काकूंच्या समोर जमिनीवर बसले.

"सांगायचं होतंस मला," ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "मला कळलं असतं तरी आयला मी हेच सांगितलं असतं, माझ्यामुळं झालं म्हणून."

तोवर काकू रडल्या नव्हत्या. आता रडल्या.