तेल ऐकणारा सगुण

गोव्यातल्या आमच्या मांद्रे गावच्या वाड्यावरचा, म्हणजे वस्तीतला, सगुण तेल ऐकतो. खायचं नव्हे, गाडीच्या इंजिनातलं. कुणाचं बॉनेट उघडं दिसलं की हा कुंपणावरून आलाच. तेलाची पट्टी बाहेर ओढणार, थेंबभर तेल अंगठ्यावर घेऊन बोटाने चोळणार, डोळे मिटणार आणि ती बोटं कानाशी नेणार. मग निकाल. "पोरगेलां आसा, धावांदे." म्हणजे तेल अजून तरणं. नाहीतर, "संसारी जालां, दोन म्हयने काडीत." आणि सगळ्यात वाईट म्हणजे, "दमलां रे. बदल तेका."

याच्याकडे स्वतःची गाडी नाही. सायकलसुद्धा नाही. उभा जन्म घाण्यावर खोबरेल काढण्यात गेला. घाणा बंद पडला तेव्हा त्याच्या बोटांना काम उरलं नाही म्हणून तो आमच्या इंजिनांत घुसला, असं आम्ही म्हणायचो.

गॅरेजवाले किलोमीटर मोजून तेल बदलायला सांगतात, ते त्याला पटत नाही. "किलोमीटर गाडी चलता, तेल नाय," म्हणतो. हरमलच्या चढावर रोज पाहुणे भरून जाणारी गाडी आणि नुसती देवळात जाऊन येणारी गाडी, दोघींचं तेल एकाच दिवशी कसं दमणार? धूळ किती खाल्ली, किती वेळ उभ्या उभ्या घुरघुरली, हे सगळं तेलाला लागतं म्हणे.

एकदा शेजारच्या खोलीत उतरलेल्या गोऱ्या पाहुण्याने भाड्याच्या जीपचं बॉनेट उघडं टाकलं होतं. परत येऊन बघतो तर उघड्या अंगाचा म्हातारा डोळे मिटून, बोटं कानाशी धरून जीपपुढे उभा. त्याला वाटलं पूजा चालली आहे. त्याने हात जोडले. सगुणने डोळे उघडून त्याला सांगितलं, "दमलां." तो म्हणाला, "नमस्ते." हे आम्ही चार वर्षं सांगून हसलो. सगळ्यात जास्त मी.

मी म्हणजे डायवर. वाड्यावर मला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. डिचोलीच्या खाणीवर तीस वर्षं ट्रक चालवला. शाळा तिसरीपर्यंत, पण गाडीतलं काही मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. खरी गोष्ट अशी की खाणीवर तेल बदलायचे गॅरेजवाले. मी चावी घ्यायचो आणि चालवायचो. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

माझ्या जुन्या गाडीच्या तेलाला सगुण गेल्या पावसापासून दमलं म्हणत होता. माझं म्हणणं वेगळं. तेल कमी झालं की मी वर थोडं घालायचो. वरण घट्ट झालं की आपण पाणी घालतो, सगळं वरण ओतून टाकत नाही. थोडं थोडं नवं घालत गेलं की वर्षात सगळं नवंच झालं, असा माझा हिशेब.

गुरुवारच्या भजनाला त्याने पुन्हा विषय काढला तेव्हा मी टाळ खाली ठेवून सगळ्यांसमोर म्हटलं, सगुण, तुझं तेल डोक्याला लावायचं, माझं तेल लोखंडाला लागतं, तू आपला खोबऱ्यात रहा. सगळे हसले. पेटी वाजवणारा रोहिदास तर पेटीवरच आडवा पडला. सगुणही हसला. तो हसला म्हणून मला वाटलं काही बिघडलं नाही.

त्याची बायको शेवंतीवहिनी. तिची मूत्रपिंडं गेली आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी म्हापशाच्या इस्पितळात मशीनवर घालावी लागते. बसने नेली तर येताना तिला उभंही राहवत नाही. सीझनात भाड्याच्या गाड्या पाहुण्यांमागे. म्हणून वाड्यावरची जी गाडी मोकळी असेल तीत दोघं बसून जायची.

त्या शुक्रवारी मोकळी होती ती माझी. सगुण वहिनीला धरून घेऊन आला, तिला सावलीत बसवलं आणि बॉनेटकडे वळला. मी आडवा आलो.

"हात लाव नको. तेल बदललंय मी."

"बदललंस?"

"म्हटलं ना. माझो शब्द मोठो काय तुझां बोट?"

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग हात लुंगीला पुसून तो वहिनीला आणायला गेला. तेल मी बदललं नव्हतं. आदल्या दिवशी वर एक डबा ओतला होता, तेवढंच.

चोपड्याच्या पुलाआधी स्टिअरिंगमागचा तेलाचा तांबडा दिवा पेटला. मी दोन हातांनी चालवणारा माणूस, पण त्या दिव्यावर डावा पंजा ठेवून एका हाताने चालवली. सगुणला दिसू नये म्हणून. पुलाच्या मधोमध इंजिनात काहीतरी कडाकडा वाजलं आणि गाडी जागच्या जागी बसली. मेकॅनिक नंतर म्हणाला की आत तेल नव्हतं, काकवी होती.

पुलावर सावली कुठली. वहिनी कठड्याला टेकून बसली आणि सगुण तिच्यावर लुंगीचं टोक धरून उभा राहिला. गाड्या थांबत नव्हत्या. तासाभराने एक मासळीचा टेंपो थांबला, त्यात पुढे दोघांना घेतलं. उशिरा का होईना, तिला मशीन मिळालं. मी गाडीपाशी राहिलो.

शनिवार, रविवार मी घराबाहेर पडलो नाही. सोमवारी सकाळी त्याच्याकडे गेलो. वहिनी पायरीवर तांदूळ निवडत होती, तो तिच्या पायाला तेल चोळत बसला होता. मी बसलो नाही.

"सगुण, त्या दिसा मी खोटां बोललंय. तेल बदलूक नाय होतंय."

"माका ठावक होतां," तो म्हणाला. पाय चोळणं थांबलं नाही. "गाडयेकडे येताना जळक्या तेलाचो वास इल्लो."

"मग तिका बसवलंस कित्याक?"

"तुका खोटो पाडलो आसतो तर तू गाडी काडलीच नसतस. आनी त्या दिसा वाड्यार दुसरी गाडी नाय होती."

वहिनीला माझी दया आली असावी. ती म्हणाली, "भावजी, माका कोणाच्या गाडयेत बसूचां पडात तां आदी कळना नाय. म्हणान हे सगळ्यांची तेलां आयकत फिरतत."

आणि आम्ही चार वर्षं हसलो.

मी विचारलं, उद्या मंगळवार, गाडी कोणाची? सगुण म्हणाला, बघूया. म्हणजे कोणाचीच नव्हती.

मी तिथून निघालो तो गाडी मागायला. बहात्तर वर्षांत मी कुणाकडे काही मागितलेलं नाही. पहिल्या घरी पावसापाण्याचं बोलून परत आलो. दुसऱ्या घराला कुलूप होतं. तिसरं रोहिदासचं. तो ओसरीवर बसला होता. मी एका दमात सांगितलं की उद्या शेवंतीवहिनीला म्हापशाला न्यायची आहे, गाडी दे.

"तुझ्या गाडयेक कितां जालां, डायवर?"

बॅटरी सांगता आली असती. गियर सांगता आला असता. खाणीवरच्या माणसाला शंभर कारणं येतात.

"तेल बदलूक नाय मियां," मी म्हटलं. "आनी बदललां म्हणान सगुणाक खोटां सांगलंय."

रोहिदास हसेल म्हणून मी वाट बघत होतो. तो हसला नाही.

"कितक्या वाजता येव?"

मी वेळ सांगितली आणि तिथेच उभा राहिलो. त्याने अजून काही विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं.