आत्यांचा एकुलता एक फोटो

कॅमेऱ्याचं सुटलेलं रबर आपणच चिकटवावं असं मी ठरवलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्या वैशाखात त्यांच्या पायांची सूज वर चढत होती. माणगावच्या डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन काय सांगितलं, ते ह्यांच्या चेहऱ्यावरच वाचता येत होतं. आत्यांना मात्र औषध नको होतं, फोटो हवा होता.

"तुज्या सासऱ्याचा फोटो न्हाय ऱ्हायला," त्या म्हणायच्या. "नाक कसं व्हतं, त्येबी आता आठवत न्हाय. मी कशी व्हते, ते माज्या नातवंडांना कळाया नको?"

मुंबईहून चंदरभावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, एक जुना डबा कॅमेरा पाठवला. आतल्या फिल्मच्या रोलवर एकच फोटो उरला होता. (बाकीचे त्यांनी मेहुण्याच्या लग्नात संपवले होते.) आमच्या दिवेआगरच्या खाऱ्या हवेत चार दिवसांतच कॅमेऱ्याच्या दोन्ही अंगांचं काळं रबर सुटून लोंबायला लागलं.

"माणगावला सायकलवाल्याकडे सोल्यूशन मिळेल," हे म्हणाले. "उद्या सकाळच्या एस्टीने जातो."

उद्याचा भरवसा मला नव्हता. परसात फणस होता, आणि फणसाच्या चिकाने मी आजवर गळकी बादली, फुटकी कुंडी, सगळं जोडलं होतं. दिव्यावर चीक पातळ केला, कॅमेऱ्याला लावला, वर रबर दाबून बसवलं. (थोडा जास्त झाला. माझा हात सढळ आहे; आमटीच्या मिठाबद्दलही घरात हेच बोलतात.) वैशाखाच्या उकाड्यात तो चीक वाळला नाही. हळूहळू ओघळत फोटोच्या खटक्यापर्यंत गेला. ते मला दिसलं नाही.

दुपारी ओटीवर आत्यांना खुर्चीत बसवलं. मी मागे खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. कॅमेरा स्टुलावर ठेवून हे वाकले.

"आई, हलू नकोस हां."

"मी कशाला हलू? मी काय वाऱ्यावरची माडाची चुडत हाय?"

ह्यांनी खटका खाली दाबला. तो खालीच राहिला.

"अगं," हे वाकल्या वाकल्या कुजबुजले, "खटका वर येत नाही."

"मग बोट काढा की!"

"बोट चिकटलंय. दोन्ही हात चिकटलेत. काय लावलंस तू?"

मी खुर्चीची पाठ आणखी घट्ट धरली. श्वाससुद्धा घेतला नाही.

आत्यांनी लेकाकडे पाहिलं. स्टुलावर हात, पाठ कमानीसारखी.

"रघ्या, फोटू काढतोस का माज्या पाया पडतोस?" म्हणाल्या आणि हसायला लागल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा. खांदे, मान, सुजलेले पाय, सगळं गदागदा हलत होतं. सावकाश तीन आकडे मोजून व्हावेत इतक्या वेळाने खटका आपला आपण वर आला; तोवर कॅमेऱ्याचा डोळा उघडाच होता.

खोबरेल लावून मी ह्यांचे हात सोडवले. "जमला का?" आत्यांनी विचारलं. "एकदम झकास," आम्ही दोघंही म्हणालो.

नवव्या दिवशी त्या गेल्या. फोटो धुऊन आला तो तेराव्याला.

फोटोत खुर्ची स्वच्छ आली आहे. खुर्चीत आत्यांच्या जागी पांढरा धूर आहे. आणि धुराच्या मागे, अपराध करताना पकडल्यासारखी ताठ उभी, डोळे वटारलेली मी. माझ्या नाकाची चमकीसुद्धा दिसते.

"तुला कापून काढू का?" ह्यांनी विचारलं.

"काढा की."

कात्री घेऊन हे बराच वेळ बसले. मला काढलं, तर कुणाचा फोटो आहे हेच कळलं नसतं. शेवटी तसाच चौकटीत बसवला आणि हार घातला.

वर्षश्राद्धाला चंदरभावजी जाऊबाईंना आणि चार वर्षांच्या लेकीला, केसरला, घेऊन आले. "आजीला नमस्कार कर," त्यांनी सांगितलं. पोरीने हात जोडले आणि फोटो निरखून निरखून पाहिला. तेवढ्यात मी चहाचा ट्रे घेऊन ओटीवर आले.

"आजी भायेर आली!" केसर किंचाळली आणि आईच्या पदरात शिरली. त्या दिवशी माझ्या हातची खीरही तिने खाल्ली नाही.

तेव्हापासून मुंबईची मंडळी यायची असली, की फोटोने आत जावं की मी, असा प्रश्न घरात निघतो. फोटो हलवायला कुणी तयार नाही.