वैशाखातली गोबी

शनिवार, ३ फेब्रुवारी १९६२. अमरावती, गुलाबरावांची मागची पडवी. हजर : अध्यक्ष गुलाबराव, निवृत्त हेडक्लार्क, त्यांच्या पत्नी सखूबाई, आणि शेजारची शाळामास्तरीण मी, कारण माझ्याजवळ नेहमी वही असते.

वाफ्यात काय लावायचं एवढ्यासाठीही गुलाबराव सभा घेतात. आजचा विषय : मे महिन्यात काढायला कोणती गोबी लावावी?

खरं तर गोबीला थंडी लागते, आणि वैशाखात आमच्याकडे दाराच्या कडीचाही चटका बसतो. गुलाबरावांना हे मान्य नाही. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी घराच्या दाराची वाळ्याची ताटी काढून पत्तागोबीच्या वाफ्यावर बांधली आणि दिवसातून चारदा तिच्यावर पाणी मारलं. नवरा-बायको घरात घामाघूम, गोबी बाहेर गारव्यात. पानं सुपाएवढी झाली. गड्डा एकीनंही धरला नाही.

"औंदा फुलगोबी," अध्यक्ष म्हणाले.

"अवो, डोक्सं शिजलं काय तुमचं?" सखूबाई. "ते तं पत्तागोबीहून नाजूक!"

"ताट्या दोन घेऊ. ठराव पास!"

"कोनं केला पास? आमी दोघी अजून बसूनच राहिलो ना!"

मी वही उघडली. मुळा दीड महिन्यात येतो. तिखट निघेल, पण निघेल. नवलकोल विहिरीकडच्या सावलीत लावला तर एप्रिलमध्ये कोवळा मिळेल.

"एप्रिल काय कामाचा?" गुलाबराव उखडले. "कुसुम मे महिन्यात येते. मुळा तिले आवडत नाही."

कुसुम त्यांची मुलगी, पुण्याला नर्स. रजा मिळते ती मे महिन्यात. हिवाळ्यात गुलाबरावांची फुलगोबी अख्ख्या गल्लीत वाटली जाते. मी त्याला दानत समजत होते.

"तीन हिवाळे झाले," सखूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरीबिगर यायनं गोबीचा घास तोंडात घातला नाही."

"मग कुसुमला डिसेंबरात रजा मागायला सांगा की," मी म्हटलं.

गुलाबरावांनी वाफ्यातलं एक ढेकूळ हातानं फोडलं. "तिले कायले तरास द्यायचा, बाई? गोबीले दिला तं चालते."

शेवटी मुळा मंजूर झाला, नवलकोल मंजूर झाला. फुलगोबीचा एक वाफा मी न विचारता लिहून टाकला. डिसेंबरात रजा माग, असं कुसुमला पत्रानं कळवायचं काम माझ्याकडे घेतलं. गुलाबराव मला फाटकापर्यंत पोचवायला आले.

"लिवा. पन म्या सांगतलं असं लिवू नका."

बी पेरून झालं. पत्र लिहायचं आहे. त्यांचं नाव न घेता ते कसं लिहावं, हे अजून सुचलेलं नाही.