सरळ रेघेवरचं शून्य

जी गोष्ट मोजता येत नाही ती नसते, आणि जी मोजून शून्य भरते ती तर मुळीच नसते. या पायावर जगातली सगळी कार्यालयं उभी आहेत. ज्या कार्यालयाची ही हकिकत, तेही याच पायावर तीन मजले उभं होतं.

तिथे डिजिटल मल्टिमीटर आला तेव्हा सर्वांत जास्त आनंद वायरमनकाकांना झाला. बत्तीस वर्षं त्यांनी टेस्टर आणि अनुभव यांवर काढली होती. (अनुभव म्हणजे डाव्या हाताच्या दोन बोटांवरचे काळे डाग.) मीटर तळहाताएवढा, पिवळा, त्याला एक लाल आणि एक काळी वायर, दोन्हींच्या टोकांना सळया. मध्ये एक चकती. ती फिरवावी तसा तो व्होल्टेज मोजे, करंट मोजे, रेझिस्टन्स मोजे आणि वायर मधे कुठे तुटलेली नसेल तर पीं करून आनंद व्यक्त करी. आत तो सेकंदाला दोन-तीनदा विजेची चव घेई आणि तिचा आकडा करून पडद्यावर मांडी. जुन्या काट्याच्या मीटरसारखं इकडून पाहिलं तर बारा आणि तिकडून पाहिलं तर तेरा, हा प्रकार नाही. शिवाय ज्याची तपासणी करायची त्याच्याकडून तो स्वतःसाठी जवळजवळ काहीच घेत नसे. तपासणी करणाऱ्यांत हा गुण विरळा असल्यामुळे कार्यालयाच्या मनात त्याच्याविषयी पहिल्या दिवसापासून अढी होती.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी अढीला कारणही मिळालं. काकांनी भिंतीतल्या सॉकेटमध्ये सळया घातल्या. दोनशे एकतीस. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग उत्साहाच्या भरात काकांनी चकती एक घर पुढे सरकवली, आणि त्याच सॉकेटवर शून्य आलं.

मुख्य लिपिकांनी चष्मा कपाळावर नेला. "एकच सॉकेट आणि दोन उत्तरं? काका, हे यंत्र आहे की फुटलेला साक्षीदार?"

"साहेब, ही नागमोडी रेघ आहे ना, ती एसीची. भिंतीतली वीज सेकंदाला पन्नासदा पुढे-मागे होते. ही सरळ रेघ डीसीची, म्हणजे बॅटरीची. भिंतीतली वीज बॅटरीच्या घरात मोजली की पुढची-मागची एकमेकींना खाऊन टाकतात. उरतं शून्य."

खुलासा इतका सोपा होता की तो कोणालाच पटला नाही. पाच जणांची समिती नेमली गेली. (पैकी चौघांचा विजेशी संबंध बटणापुरता होता, पाचव्याच्या टेबलावर बटणही नव्हतं.) तीन बैठकांनंतर समितीने एकमताने ठरवलं, की मोजमापात एकवाक्यता हवी, सबब चकती कायमची एकाच घरावर ठेवावी. घर कोणतं, यावर फारशी चर्चा झाली नाही. एक रेघ नागमोडी होती, एक सरळ. कार्यालयाचा कारभार कसा असावा याबद्दल दुमत असण्याचं कारणच नव्हतं. चकती सरळ रेघेवर आणून तिच्यावर लाख ओतली आणि वर गोल शिक्का मारला.

यानंतर कार्यालयाची विद्युत सुरक्षा डोळे दिपवील अशी सुधारली. पहिल्या वर्षी चारशे बारा नोंदी झाल्या. चारशे बाराही शून्य. पंखे शून्य, दिवे शून्य, मुख्य फलक शून्य. दुसऱ्या मजल्यावरचा पाण्याचा कूलर अंगाला हात लावला की झटका देई, पण त्याची नोंदही शून्यच होती. त्या वर्षात कूलरपाशी एकोणतीस किंकाळ्या ऐकू आल्या. (किंकाळी ही बाब आस्थापना विभागाकडे येते.) लोक शहाणे होते. ते कोरड्या रुमालाने तोटी दाबत आणि नवीन माणसाला पहिल्याच दिवशी रुमालाबद्दल सांगत.

काकांच्या सुनेला मात्र सांगायचं राहून गेलं. ती आवक-जावक विभागात रुजू झाली त्या दिवशी रुमालवाले सगळे बैठकीला गेले होते. संध्याकाळी घरी आली ती हात पोटाशी धरून.

"बाबा, मी कूलरला हात लावला ना, तर त्याने हात धरूनच ठेवला माझा. सोडता येईना. पाय घसरून पडले म्हणून सुटले."

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. झटका देऊन ढकलणारी वीज त्यांना माहीत होती. धरून ठेवणारी वीज माणसाचं काय करते तेही माहीत होतं, आणि ते सुनेला सांगण्याची त्यांची छाती झाली नाही. ते घाबरले होते.

त्यांनी दुसऱ्या दिवशी चकती फिरवण्याच्या परवानगीचा अर्ज केला. उत्तर लगेच आलं, अवघ्या अकरा दिवसांत: 'सध्याचे वाचन शून्य असून समाधानकारक आहे. समाधानकारक वाचन बदलण्याचे प्रयोजन कळवावे.' ते अकरा दिवस सून घरून पाण्याची बाटली नेत होती आणि काका कूलरसमोर स्टूल टाकून बसत होते.

बाराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकांनी पेचकस घालून लाख उडवली आणि चकती नागमोडी रेघेवर आणली. एक सळई कूलरच्या अंगाला, दुसरी सॉकेटच्या अर्थिंगला. एकशे त्रेचाळीस. त्यांनी कूलर बंद करून मागून उघडला. एक वायर सोलवटून पत्र्याला टेकली होती आणि अर्थिंगची वायर प्लगपर्यंत पोचतच नव्हती. त्यांनी एक बदलली, दुसरी नवी ओढली, दीड मीटर हिरवी. कूलर सुरू करून पुन्हा मोजलं. आता नागमोडी रेघेवरही शून्य. काका कूलरला टेकून बराच वेळ उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. शिक्का फोडला, हा एक आरोप. दुसरा जास्त गंभीर: नोंदवहीनुसार कूलर दुरुस्तीपूर्वी शून्य होता आणि दुरुस्तीनंतरही शून्य आहे, म्हणजे न बिघडलेल्या यंत्रावर दीड मीटर वायर वाया घालवली. ती काढून भांडारात जमा करावी आणि कूलर पूर्वस्थितीत आणावा.

मुख्य लिपिकांनी त्यांना बाजूला घेतलं. "काका, काम चांगलं केलंत. आता मीही रुमाल न घेता पितो. पण कागदावर काय लिहू? तुम्ही दुरुस्ती केली म्हटलं, तर चारशे बारा नोंदी खोट्या ठरतात. तेवढ्या सह्या माझ्या आहेत हो."

काकांनी विचार केला. मग त्यांनी स्वतःच्या माळ्यावरची दीड मीटर हिरवी वायर भांडारात जमा केली आणि लिहून दिलं: 'मी कूलरला काहीही केलेले नाही. तो पूर्वीपासून असाच आहे.' कूलरमधली वायर जागच्या जागी राहिली. काकांच्या सेवापुस्तकात ताकीद चढली. चकतीवर नवी लाख बसली, अर्थात सरळ रेघेवर. सून आता तिथलंच पाणी पिते.

वाचकहो, तुम्हाला त्या कार्यालयाचं हसू आलं असेल. येऊ द्या. हसून तहान लागली तर फ्रिज उघडा. उघडण्याआधी पायात चप्पल सरकवाल, हे आम्हाला ठाऊक आहे. पाहुण्यांनाही तुम्हीच आतून ओरडून सांगता, "चप्पल घालून उघडा हं, थोडासा मारतो." थोडासा म्हणजे किती, मोजलंय कधी?