इंग्लंडातल्या घराचा व्हॉल्व्हमन

आमचे शेजारी नामदेव इंगळे रोज दुपारी ओट्यावर बसून इंग्लंडमधलं एक घर थंड करायचे. अंगात बनियन, डोक्यावर ओला पंचा, हातात मोबाइल. बाहेर एप्रिलचं ऊन असं, की माझ्या गोदामाच्या पत्र्याकडे पाहवायचं नाही. आणि हे पुटपुटत असायचे, "हॉल झाला. आता किचनचा नंबर."

मग हा कारभार त्यांच्या हातून जायला आला आणि तो वाचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी खेडोपाडी कापूस विकत घेणारा माणूस. ढिगात हात घातला की ओल किती, किडकी कवडी किती ते सांगतो. पण या माणसाचं मला कधी काही उमजलं नाही.

"घर थंड काऊन करता भाऊ? तिकडं तं बर्फ पडते म्हणतात," मी एकदा विचारलं.

"थंड नाही करत शेठ. ऊब नंबरानं सोडतो."

मग त्यांनी समजावलं. मुलगा सिद्धार्थ तिकडे नोकरीला. त्याच्या घरात एक बॉयलर आहे. तापलेलं पाणी नळांतून खोल्याखोल्यांत फिरतं, भिंतीवरचे लोखंडी पत्रे तापतात आणि खोलीत ऊब येते. प्रत्येक पत्र्याला एक व्हॉल्व्ह. हवी तेवढी ऊब झाली की तो आपोआप मिटतो. हे सगळं मोबाइलवर दिसतं आणि मोबाइलवरून फिरवताही येतं. गॅस वाया जातो म्हणून सिद्धार्थने मागे आला तेव्हा ते बापाच्या फोनमध्ये टाकून दिलं. म्हणाला, "बाबा, आम्ही विसरतो. रिकाम्या खोलीचं तेवढं तुम्ही बंद करत जा."

पोराची चूक इथेच झाली. इंगळेभाऊ जन्मभर आमच्या गावच्या नळयोजनेवर व्हॉल्व्हमन होते. टाकी एक, गल्ल्या अनेक. आज बाजारगल्ली, उद्या मशिदीमागची, परवा बौद्धवाडा. आपोआप काही होतं यावर त्यांचा विश्वास नाही. "एकदम समद्याईले सोडलं तं शेवटच्याले थेंब भेटत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे इंग्लंडमध्येही बेडरूमचा नंबर आला की किचन बंद. सून आदिती पुण्याची. ती कोट घालून पोळ्या लाटत होती.

शेवटचा म्हणजे कोण, ते मला विचारा. माझं घर गल्लीच्या टोकाला. ज्या वर्षी अळी न लागणाऱ्या बीटी कापसाच्या बोंडातही गुलाबी अळी निघाली, त्या वर्षी मी किडका कापूस घेईना म्हणून सगळे माझ्यावर खवळलेले, आणि त्याच वर्षी माझ्या मुलीचं लग्न. मी स्वतः यांच्या दारी गेलो. थोडं जास्त पाणी मागितलं. गोड बोललो, मग शिव्या दिल्या. हे म्हणाले, "शेठ, तुमचा नंबर उद्या हाय." पाहुणे मांडवात आणि मुलीचा बाप टँकर शोधत फिरतोय. ते मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

तर हेच इंगळेभाऊ एका दुपारी गोदामात आले. चेहरा उतरलेला. सुनेने बजावलं होतं की आता तुमच्या फोनमधून घर काढून टाकणार.

"तुम्ही सौदे करता शेठ. माझा एक करून द्या."

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. का, ते कळलं नाही. त्यांच्या ओट्यावर जाऊन मी व्हिडिओवर बोलायला बसलो.

"काका, मी अंघोळीला गेले की बाथरूमचा बर्फ झालेला असतो," आदिती म्हणाली.

"बाथरूम सोडलं बाई. हॉल आमच्याकडं राहू द्या."

"हॉल अजिबात नाही."

"ज्या माणसानं साऱ्या गावाले पाणी पाजलं, त्याले एक खोली देत नाही तुम्ही?"

"गावाला कसं पाजलं ते सिद्धार्थने सांगितलंय. म्हणूनच भीती वाटते."

मी फोन ठेवायची धमकी दिली. बाजारात हे हमखास चालतं. ती म्हणाली, "ठेवा."

तेवढ्यात इंगळेभाऊंनी माझी बाही ओढली. "हॉल नको. लहान खोली मांगा. जिन्याजवळची."

मी डोळे वटारले. समोरच्यादेखत कोणी आपलाच भाव पाडतं का? पण आदितीने ऐकलं होतं.

"ती मिहूची खोली आहे, बाबा."

"हाव. माहीत हाय."

"अठरा डिग्रीच्या खाली न्यायची नाही."

"नाही नेत."

सौदा माझ्याशिवायच ठरला. फोन बंद झाल्यावर मी भडकलो. "साऱ्या घरातली लहान खोली घेऊन बसले. तिथं गॅस तो किती वाचणार?"

ते मोबाइलकडे पाहत होते. तिथे एकच खोली उरली होती आणि एकच आकडा. एकोणीस. त्यांनी अठरा केला. थोड्या वेळात तो आपोआप एकोणीस झाला. त्यांनी पुन्हा अठरा केला. तो पुन्हा एकोणीस.

"बिघडलं काय?" मी विचारलं.

"नाही. नात हाय. तिकडं आता सकाळ झाली. तिच्या खाटेजवळच व्हॉल हाय, ते हातानं फिरवते. मी कमी करतो, ते वाढवते."

"मंग फोनच लावा ना तिले."

"तिले मराठी येत नाही, मले तिचं इंग्रजी समजत नाही. फोनवर नुसते एकमेकाईकडं पाहत बसतो. मंग ते पळून जाते."

चष्मा पुसायला त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. पुसणं लांबलं. आकडा वीस होऊन थांबला होता. कोणी कमी करत नाही असं पाहून तो आपणच एकोणीसवर उतरला, मग परत वीस.

"वाट पाहून राह्यली," इंगळेभाऊ मान खाली घालून म्हणाले. "दाबा शेठ. तुम्हीच दाबा तवर."

मी एक कमी केला. पलीकडून लगेच दोन वाढले.